रस्सीखेच : एका बेवारस खेळाचा इतिहास

मराठी वर्तमानपत्रांत ‘रस्सीखेच’ हा शब्द रोज वाचावयास मिळतो. उमेदवारीसाठी रस्सीखेच, मंत्रिपदासाठी रस्सीखेच, महामंडळाच्या अध्यक्षपदासाठी रस्सीखेच, असा त्याचा सर्वत्र संचार आहे. ज्या खेळावरून हा शब्द घेतला तो खेळ मात्र त्याच पत्रांच्या क्रीडापृष्ठावर क्वचितच आढळतो. शाळेचे स्नेहसंमेलन, पोलिसांचा वा लष्कराचा क्रीडादिन, एखाद्या मंडळाचा वार्षिकोत्सव, अशा प्रसंगी अडगळीतला दोर बाहेर निघतो, घटकाभर आरडाओरडा होतो आणि दोर पुन्हा खुंटीला लागतो. कार्यक्रमपत्रिकेत त्याची जागाही ठरलेली असते. गंभीर स्पर्धा आटोपल्या आहेत, पाहुण्यांचे भाषण व्हावयाचे आहे, मध्ये थोडी करमणूक हवी, तर रस्सीखेच. अशा खेळाला इतिहास तो काय असणार, असे कोणी म्हटल्यास त्यात नवल नाही.

तथापि तो आहे, आणि चांगला वादळी आहे. १९०० ते १९२० या वीस वर्षांत पाच ऑलिंपिकांत या खेळासाठी पदके दिली गेली. लंडनच्या पोलिसांनी त्यांत दोनदा सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकातून जो नाहीसा झाला तो आजतागायत परत आलेला नाही. असे का झाले, याचे उत्तर बहुधा एका वाक्यात दिले जाते. हा केवळ अंगबळाचा रांगडा खेळ होता, सुधारलेल्या क्रीडाजगतात त्याला जागा उरली नाही, असे म्हणतात. हे उत्तर आम्हांस पटत नाही. लोखंडी दांड्याला चकत्या लावून त्या डोक्यावर उचलणे हा काही कमी रांगडा खेळ नव्हे, आणि तो अद्याप तेथे मानाने नांदत आहे. आमचे म्हणणे असे की, रस्सीखेचेत काही उणे होते म्हणून ती गेली नाही. तिच्या वतीने बोलणारी, तिचे नियम सांभाळणारी आणि तिची भांडणे मिटविणारी स्वतःची संस्था तिला नव्हती म्हणून ती गेली. खाली जी हकीकत दिली आहे तीवरून हे म्हणणे कितपत खरे आहे हे वाचकांनीच पाहावे.

या खेळाचे मूळ शोधण्याच्या नादास आम्ही फारसे लागणार नाही. दोर आहे, माणसे आहेत आणि माणसांत दोन पक्ष आहेत, एवढ्या तीन गोष्टी जेथे जुळल्या तेथे हा खेळ निघालाच असला पाहिजे. आपल्याकडे ओढाताणीचे नाव काढले की समुद्रमंथन आठवते, आणि कंबोडियातील अंगकोर वाटच्या बाराव्या शतकातील मंदिराच्या भिंतीवर वासुकी धरून उभ्या असलेल्या देवासुरांच्या रांगा पाहिल्या म्हणजे हा रस्सीखेचेचाच सामना आहे असे क्षणभर वाटतेही. भागवतातील कथेप्रमाणे देवांनी प्रथम वासुकीच्या मुखाची बाजू धरली, तेव्हा असुर रुसले. आम्ही श्रेष्ठ, आम्ही शेपूट धरणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. विष्णूने हसून मुखाची बाजू त्यांस सोडून दिली आणि मग नागाच्या फूत्कारांनी ते होरपळले. कोणी कोणते टोक धरावे हे आजच्या स्पर्धेत नाणेफेकीने ठरते व दुसऱ्या ओढीस बाजू बदलतात. हा नियम तेव्हा असता तर निम्म्या वेळी देवांनाही पोळून घ्यावे लागले असते. परंतु मंथन ही स्पर्धा नव्हे. रवीची दोरी एकाने ओढावी तेव्हा दुसऱ्याने सैल सोडावी लागते. ते सहकार्याचे काम आहे, मग त्या सहकाऱ्यांच्या मनात काहीही असो.

खरी स्पर्धा आढळते ती चीन देशात. तांग राजवटीतील फेंग यान या ग्रंथकाराने आठव्या शतकात तिचे वर्णन केले आहे. प्राचीन काळी छू राज्याचे सैनिक वू राज्याशी लढण्यासाठी ज्या कसरती करीत, त्यांतून हा खेळ निघाला अशी तेथील परंपरा आहे. तांग सम्राट श्वानझुंगाच्या काळी सुमारे १६७ मीटर लांबीचा दोर आणि प्रत्येक बाजूस पाचशेहून अधिक माणसे असा थाट असे. जपानमधील ओकिनावा बेटावर नाहा शहरात अशीच एक प्रचंड रस्सीखेच भरते. तिचा दोर सुमारे २०० मीटर लांब आणि ४० टनांच्या आसपास वजनाचा असतो. कंबोडिया, फिलिपाइन्स, कोरिया व व्हिएतनाम या चार देशांतील दोर ओढण्याच्या विधींना व खेळांना २०१५ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. या सर्व ठिकाणी दोर ओढणे हे पाऊस, पीक आणि गावाचे कल्याण यांच्याशी निगडित आहे. कित्येक ठिकाणी कोणती बाजू जिंकली असता साल चांगले जाते हेही ठरलेले असते. जेथे कोणी जिंकावे याचा संकेत आधीच आहे तेथे पंचाची गरज नाही, वजनाच्या काट्याची नाही आणि बूट तपासण्याचीही नाही. या तिन्ही गोष्टींची गरज पडू लागली तेव्हाच आजचा संघटित खेळ जन्माला आला.

तो जन्मला एकोणिसाव्या शतकात, इंग्रजांच्या छावण्यांत आणि जहाजांवर. येथे एक गंमत नमूद करण्याजोगी आहे. ज्याला आपण रस्सीखेच म्हणतो त्याचे इंग्रजी नाव ‘टग ऑफ वॉर’ हे आधी लाक्षणिक होते. निकराची झुंज, असा त्याचा अर्थ. खेळाला ते नाव मागाहून चिकटले. मराठीत आधी खेळ आला व मग त्याच्यावरून राजकारणाला शब्द मिळाला. इंग्रजीत प्रवास उलट झाला. असो. पलटणीत या खेळाची चलती होण्याची कारणे उघड आहेत. दोर आयता होता, माणसे आयती होती, आणि रिकाम्या छावणीत कंपनी-कंपनीतील चुरस जागती ठेवण्याचे हे स्वस्त साधन होते.

या काळातील सर्वांत प्रसिद्ध सामना हिंदुस्थानात, आणि तोही आमच्या बऱ्याच वाचकांच्या ओळखीच्या जबलपुरास झाला. १२ ऑगस्ट १८८९ रोजी शेरवुड फॉरेस्टर्स या डर्बीशायरच्या पलटणीच्या दुसऱ्या बटालियनमधील ‘ई’ व ‘एच’ या दोन कंपन्यांनी दोर धरला. तो सामना २ तास ४१ मिनिटे चालला. एवढ्या वेळात दोर सरकला तो अवघा १२ फूट, म्हणजे मिनिटास पुरता एक इंचही नव्हे. विक्रमांच्या पुस्तकांत या सामन्याची नोंद पराक्रम म्हणून होते, आणि भर पावसाळ्याच्या दिवसांत अडीच तासांहून अधिक वेळ दोर न सोडणारी माणसे कौतुकास पात्र नाहीत असे कोण म्हणेल? परंतु खेळाच्या दृष्टीने पाहता हा सामना त्या काळच्या अव्यवस्थेचा पुरावा आहे. जमिनीत टाच रुतवून, अंग जवळजवळ आडवे टाकून दोर नुसता धरून ठेवण्यास मुभा असली म्हणजे आठ माणसे आठ खुंट बनतात. खुंट उपटावयास वेळ लागतो, आणि पाहणाऱ्यांस तर त्याहूनही अधिक लागल्यासारखा वाटतो.

अमेरिकेत त्याच सुमारास या दोषाचीच एक पद्धत बनविण्यात आली. तेथे बंदिस्त सभागृहात लाकडी फळ्यांवर आडव्या पट्ट्या ठोकत, गडी त्या पट्ट्यांना पाय लावून निजून दोर ओढीत, आणि शेवटचा गडी कमरेच्या पट्ट्याला दोर गुंडाळून बसे. इंग्लंडात १८८० साली स्थापन झालेल्या अॅमॅच्युअर अॅथलेटिक असोसिएशनने दुसरी वाट धरली. गडी पायांवर असला पाहिजे, ओढ सुरू होण्यापूर्वी जमिनीत खड्डा करता कामा नये, तळव्याला खिळे वा टोके असलेले बूट घालता कामा नयेत, असा तिच्या नियमांचा रोख होता. दोन देशांत एकाच नावाचे दोन खेळ वाढत होते, आणि ते एकमेकांसमोर उभे राहतील तेव्हा कोणाचे नियम लागू करावयाचे हे सांगणारा तिसरा कोणी नव्हता.

पहिली दोन ऑलिंपिके आम्ही लवकर उरकतो, कारण त्यांत स्पर्धेपेक्षा सोयच अधिक होती. १९०० साली पॅरिसमध्ये तीन डॅनिश व तीन स्वीडिश गडी मिळून झालेल्या संघाने फ्रेंचांस हरविले. या विजयी सहांत एडगर ओबी हे गृहस्थ होते. ते ‘पोलिटिकेन’ या डॅनिश पत्राचे बातमीदार, आणि माणूस कमी पडला म्हणून त्यांस दोराला लावण्यात आले. आमच्या व्यवसायबंधूंपैकी ऑलिंपिक विजेते ठरलेले असे फारसे कोणी नसतील, म्हणून हा उल्लेख. १९०४ साली अमेरिकेत सेंट लुई येथे मिल्वॉकीच्या क्लबचा पाच जणांचा संघ पहिला आला. ही माणसे मिल्वॉकीची नसून शिकागोहून आणलेली आहेत, अशी तक्रार मागाहून झाली. संघ कशास म्हणावे याचाही नियम अद्याप व्हावयाचा होता, एवढाच याचा अर्थ.

१९०८ सालच्या लंडन येथील स्पर्धेकडे मात्र सावकाश पाहिले पाहिजे. व्हाइट सिटीच्या नव्या क्रीडांगणावर त्या वर्षी ब्रिटनचे तीन संघ उतरले, आणि तिन्ही पोलिसांचे होते. एक सिटी ऑफ लंडनचा, दुसरा लिव्हरपूलचा, तिसरा लंडनच्याच मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या ‘के’ विभागाचा. लिव्हरपूलकरांची पहिल्या फेरीत अमेरिकेशी गाठ पडली. अमेरिकेचे आठ गडी म्हणजे साधी माणसे नव्हती. हातोडाफेकीतील त्या काळचे जगज्जेते जॉन फ्लॅनगन, त्याच खेळात त्यांच्या खालोखाल असलेले मॅट मॅकग्रा, गोळाफेकीतील राल्फ रोज, असे एकाहून एक धिप्पाड पुरुष त्या रांगेत होते. पंचांनी इशारा दिला, आणि काही क्षणांतच हे आठही जण फरफटत रेषेपलीकडे गेले. अमेरिकनांनी तत्काळ तक्रार केली की, लिव्हरपूलच्या पोलिसांनी घातलेले जाड, लोखंडी कडांचे बूट नियमाविरुद्ध आहेत. उत्तर मिळाले की, हे बूट पोलीस रोज घालतात, ते या सामन्यासाठी बनविलेले नाहीत. तक्रार फेटाळली गेली आणि अमेरिकेने स्पर्धेतून अंग काढून घेतले. पुढे सिटी ऑफ लंडनने लिव्हरपूलला हरविले, ‘के’ विभाग तिसरा आला, आणि तिन्ही पदके एकाच देशाच्या शिपायांच्या घरी गेली. बूट काढून नुसत्या मोज्यांवर ओढण्याची तयारी पोलिसांनी दाखविली होती, असेही सांगितले जाते.

या वादात न्याय कोणाच्या बाजूस होता? आमच्या मते दोघांच्याही, आणि म्हणूनच तो वाद महत्त्वाचा आहे. खास तयार केलेले व खिळे-टोके असलेले बूट नकोत, असा नियम होता. रोजच्या वापराचे जड बूट ‘खास तयार केलेले’ नव्हेत, हे खरे. परंतु नियमाचा हेतू पायाला मिळणारी पकड दोन्ही बाजूंस सारखी असावी हा होता, आणि त्या हेतूने पाहता पातळ पादत्राणे घालून आलेल्या परक्यांवर अन्याय झाला, हेही खरे. निवाडा देणारे पंच सर्व इंग्लिश होते. त्यांनी मुद्दाम पक्षपात केला असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. ज्या पायपोसावर आपण आयुष्यभर चाललो तो आपल्याला पायपोसच दिसतो, हत्यार दिसत नाही.

बुटांच्या या भांडणात दुसरी एक गोष्ट झाकली गेली, आणि ती या खेळाचे मर्म आहे. अमेरिकन गड्यांपैकी प्रत्येक जण एकटा तोलला असता लिव्हरपूलच्या कोणत्याही शिपायास भारी ठरला असता. परंतु ते आठ जण आपापले खेळ सोडून त्या दिवशी दोराला लागले होते. उलट पोलिसांचे आठ जण वर्षानुवर्षे एकाच तालावर पाऊल टाकणारे, एकाच शब्दावर थांबणारे. फ्रान्समधील मॅक्सिमिलियां रिंगेलमान या शेतकी अभियंत्याने माणसे व जनावरे ओझे ओढताना किती जोर लावतात याची मोजमापे घेतली होती. ती १९१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांवरून असे दिसते की, एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो त्याला १०० मानले, तर आठ जणांच्या टोळीत प्रत्येकाचा वाटा ४९ पर्यंत उतरतो. अर्धा जोर कोठे जातो? काही भाग ताल चुकल्यामुळे फुकट जातो. एकाने ओढले तेव्हा दुसरा श्वास घेत असतो. काही भाग तर लावलाच जात नाही. १९७४ साली अमेरिकेत इंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, मागे आणखी माणसे ओढत आहेत अशी केवळ समजूत करून दिली. वस्तुतः मागचे लोक ओढण्याचे सोंग करीत होते. एवढ्याने पुढच्याचा जोर कमी झाला. सार्वजनिक कामाचा ज्यांस अनुभव आहे अशा आमच्या वाचकांस यात नवीन काही वाटणार नाही. परंतु आठ आकडा हाच रस्सीखेचेच्या संघाचा आकडा आहे, हे ध्यानात घ्यावे. हरवलेला तो अर्धा भाग परत मिळविणे, हेच या खेळाचे सगळे शिक्षण होय.

दुसरे मर्म पायांत आहे. दोरात जो ताण असतो तो दोन्ही टोकांस सारखाच असतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमापुढे पोलीस आणि पहिलवान सारखेच. मग एक बाजू जिंकते ती कशामुळे? तर तिच्या पायांनी जमीन अधिक घट्ट धरलेली असते म्हणून. जाणता गडी दोर हातांनी ओढीतच नाही. हात सरळ ठेवून तो दोर नुसता धरतो, अंग मागे कलते टाकतो आणि मांड्यांच्या जोराने जमिनीला पुढे ढकलीत इंचाइंचाने मागे चालतो. शाळेच्या मैदानावर ज्याला आपण हातांचा खेळ समजतो तो असा टाचांचा खेळ आहे; आणि तसा तो असल्यामुळेच बुटांचे भांडण किरकोळ नव्हते.

हे भांडण मिटविण्यास वेळ आणि संधी दोन्ही होत्या. १९०८ साली लंडनमध्ये इतर शर्यतींतही अमेरिकन व इंग्लिश यांची कडाक्याची भांडणे झाली. ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीचा निकाल रद्द होऊन ती पुन्हा धावावी लागली. त्या कटू अनुभवानंतर, सर्व देशांस मान्य असे नियम करण्यासाठी १९१२ साली स्टॉकहोम येथे मैदानी खेळांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. रस्सीखेच त्या वेळी मैदानी खेळांतच मोडत असे. परंतु धावणे, उड्या आणि फेक यांचेच लोक त्या संघटनेत होते, आणि सेकंद, फूट व विक्रम यांत मोजता येईल तेवढेच त्यांच्या डोळ्यांत भरे. रस्सीखेचेत विक्रम नाही. तिच्यात फक्त समोरचा असतो. त्याच वर्षी त्याच शहरी रस्सीखेचेसाठी पाच देशांनी नावे नोंदविली आणि प्रत्यक्ष उतरले दोन. स्वीडनने ब्रिटिश पोलिसांना सरळ दोन ओढींत हरविले व स्पर्धा संपली. एका सामन्याची ऑलिंपिक स्पर्धा! ज्या सवतीच्या घरी हे पोर वाढत होते तिने त्याच्याकडे किती पाहिले असेल, याचा अंदाज एवढ्यावरून येतो.

शेवटचा अंक १९२० साली बेल्जममध्ये अँटवर्प येथे झाला. सिटी ऑफ लंडनच्या पोलिसांनी पुन्हा सुवर्णपदक घेतले. नेदरलँड्स दुसरे, यजमान बेल्जम तिसरे. फ्रेडरिक हम्फ्रीज, एडविन मिल्स आणि जेम्स शेपर्ड हे तिघे शिपाई १९०८ पासून या संघात होते. मधल्या महायुद्धानंतरही ते दोराला होते आणि दोन सुवर्ण व एक रौप्य अशी कमाई करून त्यांनी तो खाली ठेवला. याच अँटवर्पला हिंदुस्थानचा छोटासा संघ सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने व पैशाने गेला होता, हे सांगितले पाहिजे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९ सालच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून टाटांच्या मनात ही कल्पना आली. मॅराथॉन धावण्यास बेळगावकडचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार, कुस्तीस नवले व रणधीर शिंदे, असे ओळखीचे मराठी चेहरे त्या संघात होते. चौगुले एकोणिसावे आले, शिंदे चौथ्या क्रमांकापर्यंत पोचले. आमची माणसे ज्या वर्षी त्या दारातून आत गेली त्याच वर्षी रस्सीखेच बाहेर पडली. आपल्या पलटणींत आणि गावजत्रांत रुळलेल्या या खेळात आम्हांस कधी संघ पाठविता आला असता, ही शक्यताही तिच्याबरोबर गेली.

बाहेर पडली ती कोणत्याही गाजावाजाशिवाय. ऑलिंपिकातील खेळ व खेळाडू फार झाले, सांघिक खेळांत काटछाट करावी, असे ठरले आणि १९२४ च्या पॅरिसच्या कार्यक्रमात रस्सीखेच नव्हती. काटछाट होणार हे समजल्यावर प्रत्येक खेळाची संघटना आपापल्या खेळासाठी भांडते, हा नेहमीचा अनुभव आहे. रस्सीखेचेसाठी भांडावयास कोणी गेले नाही, कारण जाण्यासारखे कोणी नव्हतेच. पोलिसांचे कवायतमास्तर, गावोगावचे शेतकरी आणि बोटींवरचे खलाशी यांचा काही महासंघ नव्हता.

पुढची चाळीस वर्षे हा खेळ जिवंत राहिला तो याच लोकांनी राखला म्हणून. इंग्लंडच्या चेशायर परगण्यात बॉसली नावाचे खेडे आहे. तेथील शेतकऱ्यांचा संघ, जो पुढे गावातल्या लाकडाचा भुसा दळणाऱ्या ‘वुड ट्रीटमेंट’ या कारखान्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला, त्याने १९५९ पासून १९७८ पर्यंत लागोपाठ वीस वर्षे खुल्या वजनाचे राष्ट्रीय अजिंक्यपद राखले. अशा माणसांनीच शेवटी आपले घर बांधले. १९५८ साली इंग्लंडात रस्सीखेचेची स्वतंत्र संघटना निघाली. १९६० साली ब्रिटन व स्वीडन यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. १९६५ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसवर पहिली युरोपीय, आणि १९७५ साली नेदरलँड्समध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९८६ पासून स्त्रियांच्या जागतिक स्पर्धाही सुरू झाल्या. हे सर्व ऑलिंपिकातून हकालपट्टी झाल्यावर घडले, आधी घडले असते तर प्रस्तुत लेखाचे कारण उरले नसते.

या घरातील नियम वाचले म्हणजे जुन्या प्रत्येक भांडणाची आठवण होते. संघ आठांचा, आणि आठांचे एकत्र वजन ठरलेल्या मर्यादेत. पुरुषांचे वजनगट साधारण ५६० ते ७२० किलोंपर्यंतचे, म्हणजे माणशी सरासरी ७० पासून ९० किलो. वजन झाले की प्रत्येकाच्या अंगावर शिक्का उमटवितात, म्हणजे आत एक आणि बाहेर दुसरा असे होत नाही. दोराचा घेर १० ते १२.५ सेंटिमीटर, लांबी निदान साडेतेहेतीस मीटर. मध्यखुणेपासून ४ मीटर खेचले की ओढ जिंकली. तीनपैकी दोन ओढी जिंकल्या की सामना. पंच क्रमाने हुकूम देतात. दोर उचला, ताण घ्या, स्थिर, ओढा. जमिनीवर बसणे, दोराला अंगाची अढी घालणे, दोरावर हात सरकवीत पुढे चढणे, हे सर्व दोष ठरले आहेत. दोन सूचना होऊनही दोष घडला तर ओढ गेली. शेवटच्या गड्याने दोर बगलेतून पाठीवरून तिरपा नेऊन विरुद्ध खांद्यावरून पुढे घ्यावयाचा. कमरेला गाठ मारावयाची नाही. जबलपूरच्या कंपन्या या नियमांखाली पाच मिनिटेही टिकल्या नसत्या.

नियमांची ही जाळी नकोशी वाटणाऱ्यांनी दुसरीकडेही पाहावे. विक्रमाच्या हौसेने शेकडो लोकांस एका दोराला लावण्याचे प्रयोग वेळोवेळी झाले आहेत. १९७८ साली पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्गजवळ दोन हजारांहून अधिक विद्यार्थी ओढत असता नायलॉनचा दोर तुटला, शेकड्यांनी मुले जखमी झाली आणि काहींची बोटे तुटली. १९९५ साली जर्मनीत वेस्टरनोहे येथे बालवीरांच्या मेळाव्यात दोर तुटून दोन मुलगे दगावले. १९९७ साली तैपेईत सुमारे १,६०० लोक ओढत असता दोर तुटला आणि दोन माणसांचे हात खांद्यापासून निखळले. ताणला गेलेला नायलॉनचा दोर तुटताना चाबकासारखा उलटतो. आमच्याकडील उत्सवप्रिय मंडळांनी ‘भव्य’ हे विशेषण या खेळापुढे लावण्यापूर्वी या तीन सालांचा विचार करावा, आणि मनगटाला दोर गुंडाळणाऱ्या मुलांस तर तत्काळ थांबवावे.

नव्या काळात या खेळाचा भूगोलही बदलला आहे. १९८१ साली सांता क्लारा येथे, ऑलिंपिकात नसलेल्या खेळांसाठी जे जागतिक खेळ सुरू झाले त्यांत रस्सीखेच पहिल्यापासून आहे. युरोपात स्विस, डच, स्वीडिश व इंग्लिश खेड्यांचे संघ गवतावर ओढतात. आशियात रबरी चटईवर ओढण्याची अंतर्गृही पद्धत रुजली आहे, आणि तीत तैवानच्या मुलींनी मोठा नावलौकिक मिळविला. तैपेईतील एका मुलींच्या शाळेच्या संघावर २०१३ साली चित्रपटही निघाला. भारतात राष्ट्रीय महासंघ आहे व राष्ट्रीय स्पर्धा भरतात; पंजाबातील किला रायपूरच्या ग्रामीण खेळांत आणि केरळच्या ‘वडंवली’त तर प्रेक्षकांची रीघ लागते. महाराष्ट्रात मात्र खो-खो व कबड्डी यांस जे शिस्तीचे रूप मिळाले ते रस्सीखेचेस मिळाले नाही. तिला शिकविणारा लागतो, हेच आपल्या क्रीडाशिक्षकांस अद्याप पुरते पटलेले नाही.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९९ साली या महासंघास मान्यता दिली. मान्यता म्हणजे प्रवेश नव्हे. महासंघ मात्र आपल्या स्पर्धा नेमाने भरवीत आहे. त्या स्पर्धांच्या नियमपुस्तकात बुटांवर एक स्वतंत्र कलम आहे. तळवा व टाच सपाट आणि कडेला सलग असावी. टाचेला धातूची पट्टी चालेल, परंतु तिची जाडी ६.५ मिलिमीटरहून अधिक नसावी आणि ती टाचेच्या बाहेर डोकावू नये. चवड्याला धातू मुळीच नको. आज लिव्हरपूलचे शिपाई मैदानावर आले, तर दोर उचलण्यापूर्वी त्यांस एकेक पाय वर करून पंचांना तळवे दाखवावे लागतील.